बटण न दाबता

नजरबाद, म्हैसूर
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय सिंधू,

मनापासून नमस्कार. नणंदेला करावा तसा नाही, बाकावरच्या मैत्रिणीला करावा तसा.

आज सकाळपासून कॉन्व्हेंटचा व्हरांडा डोळ्यांपुढे आहे. शिवणाचा तास. सिस्टर मला कशिद्याची फुलं उसवायला लावताहेत, तू टेबलाखाली माझ्या दोऱ्याचा गुंता सोडवते आहेस, आणि फाटकाशी तुझे दादा सायकल धरून उभे आहेत, तू विसरलेला डबा घेऊन. आत कधी यायचे नाहीत. घंटी एकदा वाजवायची, डबा वॉचमनच्या स्टुलावर ठेवायचा आणि निघायचं. आपण खिडकीशी जाईपर्यंत नुसता रस्ता.

आठवायला कारण घडलं आहे. तुला ऐकू येत नाही म्हणून फोनवर सांगता येत नाही, आणि मोबाइलवर टाइप करण्यासारखं हे नाही. ह्यांचा कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो. रोज नाही. पहाटे, गारवा असेल तेव्हा. हे उठून ज्या वेळी त्याच्यापुढे बसायचे, साधारण त्याच वेळी. मी आतल्या खोलीत पडलेली असते. पंखा फिरल्याचा आवाज येतो, मग दाराखालून निळा उजेड. जाऊन बघते तर खुर्ची रिकामी. पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत असते, काही लिहायचं होतं आणि विसरून गेलं अशी. मी सुम्ने, उगाच, बसून राहते. थोड्या वेळाने सगळं विझतं.

सुरुवातीला भीती वाटली. आता मी दोघांच्या कॉफीचं पाणी ठेवते. लिहून गेले, हसू नकोस.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाहीच. इथल्या मराठी घरांचे जुने फोटो हे स्कॅन करत होते ना, ते सगळे त्यातच आहेत. हिनकलच्या रजनीअक्का काल आल्या होत्या. त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो ह्यांनी स्कॅन करून परत दिला आणि नंतर मूळ कागद वाळवीने खाल्ला. आता तो चेहरा फक्त ह्या डब्यात आहे. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर लावला, फोल्डर उघडतंय तोच बंद पडला. होगली, जाऊ दे, पुन्हा येते म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरताना पदर डोळ्यांना लावला.

तू इतकी वर्षं पॉलिटेक्निकमध्ये मुलींना हेच शिकवलंस. काय करू ते सांग. पण आधी एवढं सांग, असं होऊ शकतं का गं, की तेच येतात?

तुझी माया आहे तशी असू दे.

तुझी,
वेदवती


पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय वेदावहिनी,

तुला नमस्कार करावा की आशीर्वाद द्यावा हे तुझ्या लग्नापासून ठरलेलं नाही, म्हणून दोन्ही.

कॉफीवर हसले नाही. राग मात्र आला. तुझ्याआधी वीस वर्षं तो माझा होता, आणि येतो तो तुझ्याकडे. अर्थात इथे आला असता तरी मला पंखा कुठे ऐकू येणार होता. तुझ्या पत्रातलं ‘सुम्ने’ वाचून बरं वाटलं. पुण्यात उगाच बसायला सुद्धा लोकांना कारण लागतं.

आता मास्तरीण बोलते. मदरबोर्ड म्हणजे डब्यातली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसवलेलं असतं. यंत्र आपोआप सुरू होतं ते बटण अडकलं म्हणून, किंवा अमुक वेळेला जागं हो असं बोर्डाला कुणी सांगून ठेवलं म्हणून, नाहीतर बोर्डच बिघडला म्हणून. एकेक वगळत जायचं. भिंतीचा स्विच बंद कर, वायर काढ, मग बाजूचं झाकण. बटणाकडून आलेली बारीक वायर बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसलेली दिसेल, ती उपसून ठेव. नाण्यासारखी बॅटरी काढून नवी घाल, म्हणजे सांगून ठेवलेल्या वेळा पुसल्या जातील. रॅमच्या दोन पट्ट्या असतील. आधी एकीवर चालवून बघ, मग दुसरीवर. बटणाची वायर काढूनही तो सुरू झाला तर दोष बोर्डाचा.

डिस्क काढून दुकानात देऊ नकोस. दादाने दोन डिस्क एकत्र बांधल्या आहेत, प्रत्येक फोटो दोन्हींवर वाटलेला आहे आणि ती गाठ बोर्डाला ठाऊक. एकटी डिस्क म्हणजे उभं फाडलेलं अर्धं पत्र. आणि वेदा, यंत्र सुरू होऊन मध्येच बंद पडतं तेव्हा धक्का डिस्कना बसतो. तुझ्या प्रत्येक पहाटेला त्या फोटोंमधलं काही ना काही जाण्याची भीती आहे. तपासणी झाली की भिंतीचा स्विच बंदच ठेव.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

सिंधू


नजरबाद, म्हैसूर
६ डिसेंबर २०२४

प्रिय सिंधू,

नमस्कार, आणि तुझा आशीर्वादही घेतला.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. स्क्रू इडलीच्या ताटलीच्या खळग्यांत क्रमाने ठेवले, म्हणजे कुठला कुठे ते चुकू नये. बॅटरी नवी घातली. रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून बघितल्या. बटणाची वायर चिमट्याने उपसली. सिस्टरनी बघितलं असतं तर शिवणात निदान पास केलं असतं.

दुसऱ्या पहाटे तो सुरू झाला. बटणाकडून काहीच जात नव्हतं आणि पंखा फिरत होता. तू म्हणशील, दोष बोर्डाचा. मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

उजाडल्यावर वायर काढून टॉर्चने आत बघितलं. त्या पिनांच्या बुडाशी लालसर काही वाळून बसलं होतं. नखाने खरवडून हुंगलं. कुंकू.

ह्या वर्षी आपल्याकडे सण नाही हे मला कळत होतं. पण आयुधपूजेच्या दिवशी गावात प्रत्येक रिक्षाला झेंडू, स्कूटरला केळीचं पान, समोरच्या झेरॉक्स मशीनलासुद्धा गंध, आणि ह्यांचं यंत्र तेवढं उघडंबोडकं. मला बघवलं नाही. हे दर वर्षी कोरड्या कुंकवाचं एक बोट डब्याला बाहेरून लावायचे आणि हात जोडायचे. मी सासूबाई शिलाई मशीनची पूजा करायच्या तशी केली. झाकण काढलं, धूळ पुसली, पाण्यात हळदकुंकू कालवून फुलाने आत सगळीकडे शिंपडलं. दसरा झाला आणि तो पहाटे जागा व्हायला लागला. मला वाटलं, पूजा पावली.

आणि सिंधू, स्विच मी बंद ठेवलेला नाही. आणखी पहाटा झाल्या. काल तुकोजीरावांच्या घरचे फोटो उघडले तर काही अर्धेच उघडतात. फेट्यापासून कपाळापर्यंत माणूस, त्याखाली नुसता राखाडी रंग. काय करायला हवं ते कळतंय. हात जात नाही.

रागाव, पण दूर लोटू नकोस.

तुझी,
वेदवती


पुणे
१४ डिसेंबर २०२४

प्रिय वेदा,

आज नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवते.

हळदकुंकवाचं पाणी वाळलं तरी त्याची पुटं पिनांमध्ये राहतात. पहाटेचा दमटपणा लागला की त्यातून वीज झिरपते आणि बोर्डाला वाटतं कुणी बटण दाबलं, आणि दाबूनच धरलं असं वाटलं की तो मध्येच बंद पडतो. वर्गात हे मी फळ्यावर चित्र काढून ऐटीत सांगितलं असतं. तुला लिहिताना पेन जड झालं.

एक तुला कधी सांगितलं नव्हतं. मला ऐकू येईनासं झाल्यावरही दादा रविवारी सकाळी फोन लावायचा. मी उचलायची नाही, नुसता तळहातावर धरायची. तो थरथरायचा, मग थांबायचा. एवढंच आमचं बोलणं. अजून रविवारी मी फोन हातात घेऊन बसते. तेव्हा रागावणारी मी कोण.

पण माझ्या हट्टापायी माझा रविवार जातो, दुसऱ्याचं काही जात नाही. रजनीअक्कांची आई तुझी-माझी नाही, वेदा. तिला आपण खर्ची घालू शकत नाही.

हे पत्र खाली ठेवलंस की आधी स्विच बंद कर. स्पिरिटने पुसून तो बोर्ड चालेलही, पण मी त्याच्यावर फोटो सोपवणार नाही. दुकानात जुन्या बोर्डाचं नाव दाखव आणि त्याच घराण्यातला आजचा घे. प्रोसेसर आणि रॅमही नवे लागतील, जुने त्यावर बसणार नाहीत. बांधलेल्या डिस्क तो ओळखतो का, हे पैसे देण्याआधी विचार. कुठली डिस्क कुठल्या वायरला होती त्याची खूण ठेव. पहिल्यांदा सुरू झाल्यावर, नवी जोडी बनवू का असं पडद्यावर विचारलं तर नाही म्हणायचं. हो म्हटलंस तर सगळं पुसलं जाईल.

तुझ्याजवळ यायला हवं होतं. कागदावरूनच जवळ घेते.

सिंधू


नजरबाद, म्हैसूर
४ जानेवारी २०२५

प्रिय सिंधू,

खूप दिवसांनी तुला निवांतपणे नमस्कार लिहिते आहे.

तुझं पत्र खाली ठेवलं आणि स्विच बंद केला. त्या पहाटे मी जागीच होते. गारवा होता. दाराखाली अंधार राहिला तो वरुणा गावच्या दूधवाल्याने हाक मारेपर्यंत. मग उठून कॉफी केली, एक कप.

बोर्ड नवा आणला. प्रत्येक वायरला कशिद्याच्या वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला होता, त्यामुळे घोटाळा झाला नाही. जुना बोर्ड सोडवताना स्क्रू हलेना. मला वाटलं हे धरून बसलेत. तेल लावलं तेव्हा सुटला. नवा सुरू झाला आणि तू म्हणालीस तेच त्याने विचारलं. मी मोठ्याने नाही म्हटलं आणि मग नाहीवर दाबलं. थोडा वेळ काळोख, आणि मग एकेक घर उघडत गेलं. रजनीअक्कांची आई पूर्ण आहे, नथीच्या मोत्यांसकट. तुकोजीरावांचे काही गेले ते गेलेच. त्यांना घरी जाऊन सांगितलं. कशाने गेले तेही सांगितलं. ते म्हणाले, कपाळावरून आजोबा ओळखू येतात, तेवढे द्या.

जुना बोर्ड पाण्यात सोडावा असं क्षणभर मनात आलं. पण नदीत असलं काही टाकलं तर हे खरोखरच रागवायला येतील. भंगाराच्या गाडीत न घालता, जुनी यंत्रं घेतात तिथे नेऊन दिला.

आणि आता ऐक. प्रत्येक फोटो दोनदा आहे. एक नीट कडा कापलेला, एक कापण्याआधीचा. जुन्या कागदांची गुंडाळी होते, म्हणून स्कॅनरचं झाकण उघडं ठेवून हे बोटांनी ते काचेवर दाबून धरायचे. न कापलेल्या प्रत्येक फोटोच्या कडेला ह्यांची बोटं आहेत. सुरीने चिरलेलं ते नखसुद्धा. शेकडो फोटो. इतके दिवस मी रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

कॉम्प्युटर आता आपोआप सुरू होत नाही. मीच बटण दाबते.

लोभाची उणीव कधी पडू दिली नाहीस, पुढेही पडू देऊ नकोस.

तुझी,
वेदवती

ता. क. सोबत पेनड्राइव्ह आहे. तिकडे चांगल्या कागदावर छापून घे आणि वर्षश्राद्धाला येशील तेव्हा आण. कडा कापलेले फोटो ज्याचे त्याला द्यायचे. तुकोजीरावांना त्यांचे सगळे, अर्धे उघडतात तेही. रजनीअक्कांना मात्र न कापलेला द्यायचा. त्यांच्या आईच्या खांद्यावर ह्यांचा अंगठा आला आहे, कापू का विचारलं तर राहू दे म्हणाल्या. बाकीचे न कापलेले माझे. आणि एक तुझा. त्यात फोटो नाही, काच तपासायला ह्यांनी नुसता हात ठेवला होता, उजवा, पूर्ण तळवा. तो खऱ्या मापात छापून घे.