तांदळाच्या पिंपातले बूट

आई,

तू लपवलेले बूट तांदळाच्या पिंपात सापडले. मी सरांबरोबर कोल्हापूरला एरोबिक्सच्या स्पर्धेला चालले आहे. चिडू नकोस गो, मी नाही गेले तर आमचा तिघींचा संघच बाद होतो.

फिजिओथेरपीच्या मनस्विनीताई आल्या तर सांग, गोधडीच्या घडीवर एका पायावर उभं राहणं आता पुरे, घोटा बरा झाला. सकाळी सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी घोट्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून दुखणं पार गेलंय.

बांगड्याचं सार झाकून ठेवलंय. मांजरीला आत घेऊ नकोस.

दाराजवळचं रक्त पुसायला वेळ झाला नाही. पोशाखाला लावायची टाचणी तळव्यात अख्खी रुतली होती. लादी लाल दिसली, तेव्हा मला कळलं.

रसिका