ब्रेकचे तेल

॥ श्री ॥
गोरेगाव
दि. १२ ऑक्टोबर २००३

ती. दादा यांस,
दुर्पताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सर्व बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी लिहा, मग बाकीचे. सालेकशाहून गाडी बदलून इथवर या, असे म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून पत्रावरच भागवते.

बातमी अशी की, आमच्या अंगणात जीप आली. राईस मिलवाल्याच्या गोडाऊनमागे चार वर्षे पडून होती, ती भाग्यश्रीच्या बाबांनी उचलली. तुळशीच्या एका बाजूला टायर, दुसऱ्या बाजूला सीटा, मधून मी प्रदक्षिणा घालते. दुरुस्ती घरीच करायची आणि नागझिऱ्यात पर्यटक न्यायचे, असे ठरले आहे. शेजारचे सुकरामभाऊ मदतीला आहेत. त्यांनी जंगल ठेकेदाराचा ट्रक बारा वर्षे चालवला, त्यामुळे ब्रेक आणि इंजिनाचे काम त्यांच्याकडे आणि पुढे जीपही तेच चालवणार. वरचे हुड मी माझ्या मशीनवर शिवते आहे. सुया तीन मोडल्या, पण शिंप्याकडे जायचे नाही हे मीच ठरवले.

ह्यांचे म्हणणे की, गोंदियाच्या गॅरेजात तीस वर्षे काढलेला मेहुणा असताना दुसऱ्याला कशाला विचारायचे. तेव्हा जुन्या जीपची घरच्या घरी काय काळजी घ्यावी ते लिहून पाठवा. पण एक सांगते, मागच्या पत्रात तुम्ही अठरा इंग्रजी शब्द लिहिलेत. मी मोजले. पत्र वाचून दाखवते मी, आणि अडखळले की हे हसतात. मॅट्रिक झालेल्या बहिणीला समजेल अशा मराठीत लिहा.

वहिनींना नमस्कार. धाकट्या बहिणीवर माया राहू द्यावी.

आपली
दुर्पता

॥ श्रीराम ॥
सालेकसा
दि. २१ ऑक्टोबर २००३

चि. सौ. दुर्पतास,
केशोरावचे अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझ्या हुकमाप्रमाणे हे पत्र अस्सल मराठीत लिहितो. तुझी वहिनी बाजूला बसून हसून राहिली आहे, तिकडे लक्ष न देता लिहितो.

भाटव्यांना, म्हणजे भाग्यश्रीच्या बाबांना, सांग की, चार वर्षे उभ्या गाडीच्या धक्का झेलणाऱ्या कमानींना गंज धरतो, त्या खोलून घासाव्यात. चिखलात चारही चाके ओढायचा जो दांडा आहे, तो गाडी थांबवून टाकावा, जोर करू नये. चाकांचे नट आडव्यातिडव्या क्रमाने आवळावेत, नाहीतर चाक वाकडे बसते. ब्रेकमधली रबरे सुकरामला सगळी नवी टाकायला सांग, त्यात कंजूषी नको. त्याला हे माहीत असणारच, तुझे लक्ष राहावे म्हणून लिहितो.

आणि समोरच्या झाकणाखाली ब्रेकच्या तेलाची डबी असते. डबीवर रेघ आहे. गाडी बाहेर काढण्याआधी रोज पाहावे. तेल रेघेखाली गेले असेल तर तेल टाकून रेघेपर्यंत आणावे. एवढे तर तूही करू शकतेस, त्यासाठी पुरुषांची वाट पाहायचे कारण नाही.

बघ, पूर्ण पत्रात ब्रेक, नट, रबर आणि टायर सोडून इंग्रजी नाही. टायर तर आत्ताच आला. भाग्यश्रीस आशीर्वाद. घरच्यांना जपावे.

तुझा
दादा

॥ श्री ॥
गोरेगाव
दि. १९ नोव्हेंबर २००३

ती. दादा यांस,
दुर्पताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा. वहिनींनाही दाखवू नका.

जीपला अपघात झाला. तेरा तारखेला पहिलेच गिऱ्हाईक, भिलाईचे नवराबायको, नागझिऱ्याला निघाले. उतारावर ब्रेक लागला नाही. सुकरामभाऊंनी गाडी मुद्दाम धानाच्या बांधीत घातली, म्हणून नाल्यात गेली नाही. पाहुण्यांना खरचटले. ह्यांच्या कपाळाला टाके पडले. सुकरामभाऊंचा उजवा हात मोडला.

संध्याकाळी ट्रॅक्टरने ओढून जीप अंगणात आणली. मी झाकण उघडून ती डबी पाहिली. वास ओळखीचा आला. माझ्याच मशीनचा.

दादा, अकरा तारखेला सकाळी हे गोंदियाला गेले होते. तेल रेघेखाली दिसले. तुमचे पत्र मला पाठ होते. मशीनच्या तेलाची अर्धी बाटली शिल्लक होती, पांढरे स्वच्छ तेल. मनात आले, मशीनचे तेल मशीनला चालणारच, ह्यांनी आणलेला नवा डबा कशाला फोडा. मलमलीतून गाळून टाकले आणि मारुतीचे नाव घेतले. ह्यांना सांगितले नाही. आपण एक काम केले याची ऐट मनातल्या मनात ठेवली. दोन दिवस जीप गावातल्या गावात फिरली, ब्रेक लागत होता.

अपघातानंतर फळीवरचा तो डबा नीट पाहिला. सीलबंद. त्यावर हिंदीत लिहिले आहे, इसमें कोई दूसरा तेल न मिलाएँ. मला वाचता येते, दादा. तो डबा महिनाभर माझ्या लोणच्याच्या बरणीशेजारी होता.

पण खरी लाज पुढेच आहे. हे चुन्नीलालच्या चहाच्या टपरीवर चार माणसांत म्हणाले की, सुकरामने ब्रेकचा वायसर, म्हणजे आतले रबर, उलटा बसवला, हात लटपटत असतील. एवढेच. पण बाजारात गोष्ट मोठी झाली. आता लोक त्यांना नावानेच हाक मारत नाहीत, उलटा वायसर आला, म्हणतात. मुलांची ने-आण करायची शाळेची जीप डिसेंबरपासून त्यांच्याकडे येणार होती. हेडमास्तर आता बघू म्हणतात. हात प्लास्टरमध्ये, आणि त्यांची बायको शामकला म्हणते, इथे कोणी स्टेअरिंगला हात लावू देणार नसेल तर रायपूरला विटाभट्टीवर जाऊ.

मी डबी पुसून ठेवली आणि गप्प राहिले. सहा दिवस झाले. पोथी उघडते, अध्याय पुढे सरकत नाही. शामकला रोज विहिरीवर भेटते आणि ह्यांच्या टाक्यांची चौकशी करते.

काय करू ते लिहा. रागावलात तरी चालेल, पत्र मात्र पाठवा.

आपली
दुर्पता

॥ श्रीराम ॥
सालेकसा
दि. २५ नोव्हेंबर २००३

चि. सौ. दुर्पतास,
केशोरावचे आशीर्वाद.

तुझे पत्र एकट्याने वाचले. नंतर माझेच पत्र डोळ्यांपुढे आणले. ब्रेकच्या डबीत जे असते त्याला आम्ही गॅरेजवाले ब्रेक ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. त्यात खरे तेल पडले की रबर फुगते, मऊ पडते आणि दोन-तीन दिवसांत दगा देते. तीस वर्षे हे प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी शिकवत आलो. आणि बहिणीची थट्टा जिंकायची म्हणून ऑईलचे तेल करून मोकळा झालो. मराठी चांगली लिहिली, असे वाटून त्या दिवशी दोनदा वाचलेही होते. आता मान खाली जाते.

भाटव्यांना आतली रबरे काढून पाहायला सांग. फुगलेली असतील तर सुकरामने ती सुलटीच बसवली होती आणि दोष तेलाचा आहे, हे कोणत्याही मिस्त्रीला कळेल.

तुला एक मार्ग सुचवतो. मी भाटव्यांना वेगळे पत्र लिहितो की केशोरावने चुकीचे लिहिले, म्हणून घरात चुकीचे पडले. तुझे नाव घ्यायची गरज नाही. मी इथे लांब आहे, मला कोण काय म्हणणार. लिहू का ते कळव. तोवर दोन घास खात जा.

तुझा
दादा

॥ श्री ॥
गोरेगाव
दि. ९ डिसेंबर २००३

ती. दादा यांस,
दुर्पताचा शि. सा. न. वि. वि.

ते वेगळे पत्र लिहू नका. तुमच्या पत्राने मोह फार झाला, तीन दिवस ते उशीखाली ठेवून निजले. पण शब्द तुमचा असला तरी डबा माझ्या फळीवर होता, आणि गप्प तर मी एकटीच राहिले.

आधी ह्यांना सांगितले. ह्यांनी कपाळावरची टाक्यांची खूण चाचपली. मग जीपखाली शिरून रबरे काढून आणली. भिजलेल्या पोह्यासारखी झाली होती. म्हणाले, आता हे बाहेर काढू नको, हात बरा होईल त्याचा, नवीन तांदूळ आला की दोन पोती देऊ. मला वाटले होते हे ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सुकरामभाऊंकडे गेले. ते ओट्यावर बसले होते, शामकला धान पाखडत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले आणि पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "मले कायले सांगता, वयनी? मी वायसर सीधा बसवलो हे मले मालूमच हाये. ज्याईले मालूम नाही, त्याईले सांगा."

शामकलाने सूप खाली ठेवले नाही की मला बस म्हटले नाही.

मी घरी येऊन रडले. खरे सांगते, पश्चात्तापाने नव्हे, भीतीने. टपरीवर पुरुष बसतात. लग्नाला वीस वर्षे झाली, त्या बाजूने मी पदर सावरून, खाली पाहून जाते.

बाजाराच्या दिवशी वांगी घेतली आणि चुन्नीलालच्या टपरीपुढे उभी राहिले. बाकावर आठ-दहा जण होते, त्यांत हेही. मी म्हटले, "सुकरामभाऊंनी वायसर सुलटाच बसवला होता. डबीत तेल मी टाकले. शिलाई मशीनचे." भजी तळायच्या आवाजात कोणाला ऐकूच गेले नाही. चुन्नीलाल म्हणाला, काय पाहिजे बाई. मग तेच सगळे मला पुन्हा, मोठ्याने म्हणावे लागले. पहिल्यापेक्षा दुसरी वेळ फार कठीण गेली, दादा.

मग एकाने विचारले, मंग आता जीप शिवणकाम चांगलं करत असंल? सगळे हसले. मला वाटले, हे उठून निघून जातील. हे उठले खरे, पण माझ्या हातातली थैली घेतली आणि त्या माणसांना म्हणाले की, उलट्या वायसरची गोष्ट मीच काढली, न पाहता काढली, ती परत घेतो. मग वांग्यांची थैली स्वतःच्या हातात धरून भर बाजारातून माझ्याबरोबर घरी आले.

हेडमास्तरांनी निरोप धाडला आहे की, प्लास्टर निघाले की सुकरामभाऊंनी शाळेत येऊन भेटावे. विटाभट्टीचे तूर्त थांबले. सुकरामभाऊ मात्र आमच्या अंगणात आलेले नाहीत. हे दोनदा त्यांच्या दारात जाऊन उभे राहून आले. शामकला विहिरीवर माझ्याआधी बादली भरून निघून जाते. येतील, बोलतील, असे मी गृहीत धरत नाही.

गावाने उलटा वायसर सोडला आणि मला धरले. काल किराणा दुकानात मी पाठमोरी उभी होते. मागून कोणी तरी हळूच म्हणाले, मशीनचं तेल आलं पाहा. कोणाला म्हणतात ते दुकानातल्या सर्वांना माहीत होते. मी वळले आणि म्हटले, हो, बोला.

तुमच्या गुडघ्याला शेक देत जा. वहिनींना आता सगळे वाचून दाखवले तरी चालेल. आहे त्या बहिणीला पदरात घ्यावे, ही विनंती.

आपली
दुर्पता