हजेरी अठरा, ताटं एकोणीस

८ सप्टेंबर, सोमवार

पकडले गेले! चौदा वर्षं महापालिकेच्या या शाळेत खिचडी शिजवते, आज पहिल्यांदा चोर ठरले.

पद्मजाबाई मुख्याध्यापिका, पण चालतात मांजरासारख्या. मागं येऊन उभ्या कधी राहिल्या कळलंच नाही. आठवीची ताटं मोजली. म्हणाल्या, "चंपाबाई, हजेरी अठरा, ताटं एकोणीस. हे कसं?" मी म्हणलं, एक जास्तीचं घेतलंय चुकून. तेवढ्यात ते जास्तीचं ताट धुवायला घेऊन अक्षता समोर आली!

समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनची पोरगी. भावाला शेजारच्या प्राथमिक शाळेत सोडते आणि आठवीच्या खिडकीखाली बसून राहते. नाव कुठल्याच शाळेत नाही. जूनपासून मी वाढते तिला. उपाशी पोर समोर बसवून पातेलं झाकता येत नाही मला.

बाई रागावल्या नाहीत. हसल्या. नोकरी गेली बहुतेक.

९ सप्टेंबर

नोकरी गेली नाही. हसायचं कारण कळलं. तीस तारखेला शिक्षण खात्याचे साहेब पट मोजायला येणार. आठवीत वीस पोरं नसली तर वर्ग बंद. पोरं आळंदी रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवणार. पोरगे जातील. पोरींना त्या रहदारीतून कोण पाठवतंय? घरी बसतील, भांडी घासतील.

मी म्हणलं, आपल्या दहावीला बत्तीसातली तीस पास झाली, त्याचं काहीच नाही का? बाई म्हणाल्या, ते अभिनंदन वेगळ्या कागदावर येतं.

एक तक्ता केलाय त्यांनी. कोण कुठलं, घरी काय बोलतात, आईबाप काय करतात. अठरा पोरांत भाषा सहा. मला विचारायचं की! कानडी दोघं नुसता भात मागतात, बिहारचा मिरची चावून खातो, नेपाळची पोरगी कढीपत्त्याचं पान न् पान वेचून ताटाच्या कडेला लावते.

तर अक्षताचं नाव घातलं की एकोणीस. एक कमी.

११ सप्टेंबर

बांधकामावर गेले. अक्षताची आई वेणूबाई, सोलापूरकडची. पोरगी हुशार आहे, सही कर, म्हणलं. ती विटांच्या ढिगावर जाऊन बसली. मग म्हणाली, "साळा एवढी भारी हाय, तर तुमची नात पिवळ्या गाडीतनं कुठं जाती वो?"

नात इंग्रजी शाळेच्या बसनं जाते. रोज बघत असेल ही! सही मात्र केली तिनं. माझं पडलेलं तोंड बघूनच केली असेल.

१२ सप्टेंबर

एकोणीस.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझ्या नातीचा, मैत्रीचा, गणिताचा पेपर आला. चाळीसात अकरा. तीही आठवीतच, पण इंग्रजी शाळेत. पोरगा संजय ओरडला, सून दीपाली रडली, पोर भिंतीकडे तोंड करून धडा घोकत बसली. काय घोकतेस म्हणलं तर म्हणे, उत्तर. म्हणलं, आणि गणित? म्हणे, ते नाही समजत.

आमच्या शाळेत घाला, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. पट भरायला नात वापरली असं वाटेल. सुनेला तर वाटेलच, पण मलाही वाटेल. एक पोर कमी आहे, ते बाहेरून आणीन.

१७ सप्टेंबर

विश्रांतवाडीतल्या तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. आठवीच्या वयाची अकरा पोरं सापडली. नऊ इंग्रजी शाळेत, एक गावी निघालेला, एक आमच्याच वर्गातला, ताप म्हणून आज आला नव्हता. गल्लीत पतंग उडवत होता. कान धरून आणला. पट वाढला नाही, बरं वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

मैत्रीला शनिवारची सुट्टी, दीपालीला ड्यूटी. म्हणून पोरीला बरोबर नेलं. स्वयंपाकघरात धूर होतो म्हणून गणिताच्या शौनक सरांनी आठवीच्या वर्गात बसवून घेतलं. अक्षताशेजारी.

सरांनी विचारलं, आठ मजूर बारा दिवसांत भिंत बांधतात, सहा मजूर किती दिवसांत बांधतील? अक्षता वही-पेन न उचलता म्हणाली, सोळा. मग म्हणाली, मुकादम रोज आला तर. नाही आला तर वीस धरा. वर्ग हसून हसून लोळला. सरही. मैत्रीनं तिला विचारलं कसं केलंस. अक्षतानं दोनच वाक्यांत सांगितलं. माझी नात ओरडली, "अगं, एवढंच होतं होय!"

डाळ करपली. मी दारात उभी होते ना.

घरी येताना म्हणाली, आजी, मी इथं येऊ? म्हणलं, करपलेल्या खिचडीसाठी? आईला विचार, मला नको.

२१ सप्टेंबर

विचारलं. घरात आग. दीपाली मला म्हणाली, "मी मराठी शाळेत शिकले, आई. मुलाखतीला सगळी बोलत होती, मी मान हलवत होते. माझ्या पोरीनं मान हलवायची नाही." खरं बोलली. तर मैत्री म्हणाली, "मी आत्ता काय करते मग? वर्गात मानच तर हलवते."

कोणी जेवलं नाही. मी जेवले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दीपाली शाळेत आली! मला न सांगता. अर्धा तास वर्गाच्या खिडकीशी उभी. मग पद्मजाबाईंना थेट विचारलं, इंग्रजी कोण शिकवतं? बाई म्हणाल्या, मी, रोज, आणि बोलायला लावते. आत बसा, बघा. बसली. नेपाळची पोरगी उभी राहून इंग्रजीत भांडत होती म्हणे, खिडकी कोणी उघडी ठेवली यावरून.

जाताना माझ्यापाशी थांबली. मी विचारलं, काय ठरलं? म्हणाली, "बघू." पुण्यात राहून एवढंच शिकली.

२९ सप्टेंबर

अजून एकोणीस. दीपाली सकाळीच कुठंतरी गेली, संजयही रजेवर. विचारणार नाही. बाईंनी वर्गात फळ्यावर उद्याची तारीख लिहून ठेवली. मी ताटं घासून चकचकीत केली, साहेब बघणार म्हणून.

३० सप्टेंबर

साहेब आले. आठवीची ताटं मांडली. हजेरी वीस, ताटं वीस. विसावं ताट पुढं करून मैत्री म्हणाली, "आजी, भात कमी वाढ."

म्हणलं, इथं आजीबिजी नाही. सगळी म्हणतात तसं मावशी म्हणायचं.