हात लावायचा नाही

नवीन पनवेल,
दि. ४ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन केला असता, पण तीस वर्षं होडीच्या इंजिनापाशी बसून तुझे कान गेलेत. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या सोसायटीला ऐकवायचं. मेसेज करावा तर माझा फोन भाविकाच्या हातात असतो, आणि हे तिला कळता कामा नये.

तुझ्या भाचीचं करंजा ते गेटवे पोहणं नक्की झालं. दोन फेब्रुवारी, उजाडता उजाडता सुरुवात. वीसेक किलोमीटर आणि चौदा वर्षांची पोर! सोबतीला तुझीच होडी म्हणून हे अगदी निर्धास्त आहेत. चौकात लावायचा अभिनंदनाचा फ्लेक्ससुद्धा छापून आणलाय. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मला मात्र अन्न गोड लागत नाही. समुद्राला भ्यायला मी काही घाटावरची नाही. मला भीती वाटते ती भाविकाची. दादा, तिला दुखलं तर ती सांगत नाही. पूर्वी पायात काटा गेला तरी घर डोक्यावर घ्यायची. आता ऑक्टोबरात अंगात एकशे दोन ताप घेऊन आठशे मीटर पोहली. थर्मामीटर तिने कपाटात कपड्यांखाली लपवला होता, तो मला चार दिवसांनी सापडला. विचारलं तर हसून म्हणाली, की पाण्यात ताप कळत नाही. तिचे प्रणित सर वाईट नाहीत. ओरडत नाहीत, मारत नाहीत. रडणाऱ्या मुलांकडे बघत नाहीत, इतकंच. मुलं तेवढ्याने शिकतात.

म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. त्यांचा एक नियम आहे. पोहणाऱ्याला कुणाचा हात लागला की पोहणं तिथेच संपलं. होडीत बसलेला निरीक्षक तसं लिहून टाकतो. अर्ध्या वाटेवर तिला प्यायला द्याल ना, तेव्हा वाकून तुझा हात तिच्या खांद्याला लागू दे. चुकून लागला म्हण. ती रागावेल, वर्षभर बोलणार नाही, पण घरी तरी येईल. आईबापांना होडीत यायची सरांनी यंदापासून बंदी केली आहे, नाहीतर हे पाप मीच केलं असतं.

कुमुदवहिनींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून असलं मागायचं धाडस झालं. ती आटू देऊ नकोस.

तुझी,
रंजू

*

नवीन पनवेल,
९ जानेवारी

ती. स्व. कमळाकरमामास,
सा. न. वि. वि. (हे आईच्या जुन्या पत्रातून उतरवलं. अर्थ विचारू नको.)

मामा, मला पत्र लिहावं लागतं हे वर्गात कुणाला खरंच वाटत नाही. कानाचं मशीन घे ना एकदाचं! मामी म्हणते, की तिचं बोलणं ऐकू येईल या भीतीने तू घेत नाहीस.

आता कामाचं. रोज साडेचारला उठते, शाळेआधी पाच किलोमीटर होतात. दर अर्ध्या तासाने दोरीला बांधून बाटली सोडायची. सर विचारतील, मी अंगठा दाखवीन. अंगठा म्हणजे ठीक. आमच्या क्लबातल्या प्राचीला मागच्या वर्षी तिच्या बाबांनी घाबरून वर ओढलं, तीन किलोमीटर राहिले असताना. ती एकदम ठीक होती. त्यानंतर ती तलावावर आलीच नाही. वाटेत दिसली तर रस्ता बदलते.

माझं तसं व्हायला नको. मी स्वतः हाक मारीन तेव्हाच मला वर घ्यायचं. तोवर तू हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. मला लेखी शब्द हवा. आई घाबरते, पण ती समुद्रकाठी जन्मून गुडघ्यापलीकडे पाण्यात गेलेली नाही, तिचं काय ऐकायचं? मला भीती वाटत नाही. लहानपणी वाटायची, आता शोधली तरी सापडत नाही.

माया तर तू करतोसच, या वेळी शब्दही पाठव.

तुझी भाची,
भाविका

*

करंजा,
१५ जानेवारी

चि. सौ. रंजूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस होडी काढली नाही. कुमुदला वाटलं मला ताप आला. ती म्हणाली, की तुमी कदी असं बसत नाय, झालं काय? तिला सांगितलं नाही.

आपले बाबा दर्यावर निघताना कधी परत येणार ते सांगायचे नाहीत, आठवतं? आईने कितीही विचारलं तरी नाही. पाण्यावर काय होईल त्याचा शब्द जमिनीवरून देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मीही आजवर तसाच वागलो. पण तू असं लिहिलंस आणि माझंही काळीज हललं. गेटवेकडे जाताना कंटेनरची मोठमोठी जहाजं आडवी जातात, त्यांच्या लाटांनी माझी होडी हलते, मग ती पोर केवढीशी.

तेव्हा शब्द देतो. अर्ध्यावर हात लावीन. हे पत्र फाडून टाक. भाविकाचंही पत्र आलं होतं, तिलाही दोन ओळी लिहिल्या आहेत. केतनरावांना नमस्कार, आणि फ्लेक्सवर माझा फोटो नको म्हणावं.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझा दादा,
कमळाकर

*

करंजा,
६ फेब्रुवारी

चि. सौ. रंजूस,
अ. उ. आ.

पोर काल घरी आली हे कळलं आणि देवापुढे नारळ फोडला. हॉस्पिटलात तू माझ्याकडे बघितलं नाहीस, ते बरोबरच केलंस. जे कुणाला सांगितलं नाही ते तुला लिहितो.

भाविकाने पत्रात माझ्याकडून उलटा शब्द मागितला होता, की तिने हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी तिलाही हो लिहिलं. दोघींना हो म्हटलं आणि मनात म्हटलं, दर्यावर गेल्यावर बघू.

साडेनऊला अर्धं अंतर झालं. बाटली सोडली. मी वाकलो, हात काठाबाहेर काढला. ती इतकी छान पोहत होती, रंजू! आपल्या घरातली पोर त्या पाण्यात अशी चालली होती की माझा ऊर भरून आला. मी हात आत घेतला. तुझा शब्द तिथे मोडला.

अकरानंतर तिने प्यालेलं सगळं ओकून टाकलं, दोनदा. पुढे भरती संपली, पाणी उलटं लागलं. सर विचारायचे, ती अंगठा दाखवायची, ठीक म्हणायची. ते सगळ्यांना ऐकू यायचं. मला ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. मी सरांना सांगितलं, की पोरगी बरी नाय, काढा तिला. ते म्हणाले, की तिचे हात बघा, एकही चुकत नाही. खरंच चुकत नव्हता.

तेव्हा मी उडी टाकायला हवी होती. पण मला तिचं पत्र आठवलं, ती प्राची आठवली. वाटलं, तुझ्या भीतीने माझे डोळे फिरले असतील. मी वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि मी बसून राहिलो.

मग समोर गेटवे दिसत असताना ती वळली आणि आलो त्या बाजूला पोहायला लागली. सरांनी हाका मारल्या. तिने हात वर करून अंगठा दाखवला आणि तशीच उलटी जात राहिली. सरांचा चेहरा पांढरा पडला. ते उठेपर्यंत मी पाण्यात होतो. मी धरलं तेव्हा तिने मला ढकललं नाही. माझ्या कानाशी काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मग मान टाकली.

डॉक्टर म्हणाले, की आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर सांगता येत नव्हतं. दोन शब्द दिले आणि दोन्ही मोडले. ज्यात पोर गेली असती, तो जास्त वेळ पाळला. डोळे मिटले की ती वीस मिनिटं दिसतात. तू शिव्या दे, पण बोल.

भाविका माझं नाव काढू देत नाही असं केतनराव म्हणाले. तिला सांगू नकोस, पण विचार तेवढं, काय म्हणाली होती ती.

मायेला पारखा करू नकोस.

तुझा,
दादा

*

नवीन पनवेल,
२० फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

आईने मला दोन्ही पत्रं दाखवली, तू तिला लिहिलेलं आणि तिने तुला लिहिलेलं. म्हणजे तिचं कच्चं लिहून ठेवलेलं. मी तिच्यावर खूप ओरडले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

दहा दिवस मी सगळ्यांना सांगत होते, की मी एकदम ठीक होते, दीड किलोमीटर राहिलं होतं, मामाने घाबरून घात केला. प्राचीलासुद्धा फोन करून सांगितलं. ती म्हणाली, की मीही सगळ्यांना हेच सांगते.

खरं तुला सांगते. मला शेवटचं आठवतं ते एक लाल जहाज. त्यानंतर हॉस्पिटलातला पंखा. मध्ये काहीच नाही. मी सरांकडून होडीतून काढलेला व्हिडिओ मागून घेतला. सर द्यायला तयार नव्हते, आणि देताना माझ्याकडे बघू शकले नाहीत. लाल जहाजानंतर मी चाळीस मिनिटं पोहते आहे, मामा. कोपर वर, श्वास बरोबर तिसऱ्या हाताला, जसं शिकवलंय अगदी तसं. सर विचारतात आणि मी ठीक म्हणते, अंगठा दाखवते. सात वेळा. मी मोजलं. त्यातली एकही वेळ मला माहीत नाही. ती कोण दाखवत होती? मी बुडाले असते तरी तिने अंगठा दाखवला असता.

तुझ्या कानाशी काय बोलले ते मला आठवत नाही. व्हिडिओत तू पाण्यात दिसतोस, माझे ओठ हलताना दिसतात, आवाज लाटांचा आहे. ते आता कुणालाच कळणार नाही. तू वीस मिनिटं थांबलास याचा मला राग आहे. माझ्या पत्रामुळे थांबलास याचा त्याहून जास्त आहे.

परवा सर घरी आले, तब्येत विचारायला. बाबा म्हणाले, की बघा, झाली ना ठणठणीत. सरांनी मला विचारलं कशी आहेस, आणि माझा अंगठा वर यायला लागला, आपोआप. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मग सांगितलं, की खांदा ऑगस्टपासून दुखतो. बाबा बघतच राहिले. सर म्हणाले, की मला का नाही सांगितलंस? आई आतून म्हणाली, की कोणाला सांगणार होती ती?

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, की मला भीती वाटते. पाण्याची नाही, माझीच. ती म्हणाली, की मलाही तुझीच वाटत होती.

परत पोहायचं का, असं सगळे विचारतात. मला माहीत नाही. आजवर मी हे उत्तर कुणाला दिलं नव्हतं, आता रोज देते आहे. तू ये. आईही वाट बघते, पण ती लिहिणार नाही. शब्द देऊ नको, नुसता ये.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
भाविका