लाडू मोडू नका

अहो,

पारोळ्याहून दादाचा फोन आला, आपले आबा पहाटे गेले. तुमचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये असणार, म्हणून चिठ्ठी. हेतल झोपलीय, शेजारच्या अक्का तिच्याजवळ बसल्यात. तिला आत्ताच काही सांगू नका, शाळेत सोडून मग तुम्ही या.

सहाच्या एसटीला वेळ होता, म्हणून तिच्या डब्याला मेथीचे पराठे केलेत. मीठ चाखून बघा, मला चव कळत नाहीये. सोबत काकडी द्या. केळं नको, काळं पडलं की ती खात नाही.

आबांनी गेल्या आठवड्यात पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू मोठे आहेत. झाकण लागत नाही म्हणून मी रोज एक मोडून त्याचे दोन लहान वळायचे. आज मोडू नका. झाकण नाही लागलं तर रुमालात बांधून द्या.