मापाचीच नळी

ताईस साष्टांग नमस्कार. मी बरा आहे, हे आधी वाच.

पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. तुला मुद्दाम कळवलं नाही. डॉक्टर म्हणाले, “तयार नळी उद्याच आत बसवू. मूत्रपिंडांना रक्त जावं म्हणून तिच्या शेजारून दोन बारीक नळ्या.”

मी जन्मभर पाइप जोडलेत. विचारलं, “मधल्या फटींतून गळलं तर?”

“गळू शकतं. मूत्रपिंडांपाशी भोकं ठेवून तुमच्या मापाची नळी बनवता येईल, पण सहा आठवडे लागतील. तोवर फुगा फुटला तर?”

“मापाचीच बसवा,” म्हणालो.

सहा आठवडे पोट धरून शिंकलो. परवा जांघेतून नळी बसवली. थेंबभर गळती नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? आता रागव, पोटभर रागव. ऐकायला मी आहे.

तुझा हट्टी धाकटा