खुशालरावांनी मधूनच काढलेला नमुना

अकोला, माघ वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव मोरोपंत यास अक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला थांबला का? ज्येष्ठमध घेतोस की नुसता खिशात बाळगतोस? माणिकबाईंच्या गुडघ्यांना तिळाचे तेल चोळायला सांग, आणि मुंबईच्या दमट हवेवर सगळा दोष ढकलू नका म्हणावे. वयाचाही थोडा असतो. (माझ्या वयाचा विषय नको.) इकडच्या स्वारीची प्रकृती वकिलीच्या धबडग्यातही उत्तम आहे. कोर्टात कापसाचे खटले इतके वाढले आहेत की जेवताना भाताचे शीतसुद्धा बोटांत धरून ओढून पाहिले जाते.

तू पाठवलेली पुस्तकांची पेटी सुखरूप पोचली. आगगाडी जिथवर आली आहे तिथवर आगगाडीने, आणि पुढे कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीने. उघडली तेव्हा तुझ्या छापखान्याच्या शाईचा वास आला आणि मी तिथेच पाटावर बसले. आपल्या लहानपणी त्या काळ्या झग्यातल्या मिशनच्या मडमा शाळेत एकच पुस्तक ठेवत, तेही कुलपात, आणि शनिवारी हात धुतल्यावर प्रत्येकीला एक पान पाहू देत. माझ्या वाट्याला नेहमी कोकराचे चित्र येई. आता पेटीभर पुस्तके, मराठीत, आणि खास मुलांसाठी! मोरोपंत, माणसाच्या हयातीत इतके व्हावे, याचे मला अजून नवल वाटते.

तू विचारलेस की कोणते पुस्तक कोणत्या वयाला लावावे ते मुलांना वाचून दाखवून कळव. ते काम मी चार दिवसांत उरकले असते. पण मध्ये खुशालराव आले.

खुशालराव म्हणजे आमच्या शेजारचे पाटील. काळीची जमीन मोठी, आणि तिकडे अमेरिकेत लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदी आली आहे. त्यांची मुलगी मनकर्णा, दहा वर्षांची, माझ्या ओटीवर वाचायला येते. तिला बार्शीटाकळीचे स्थळ आले आहे, लग्न वैशाखात. त्या लोकांनी निरोप धाडला की पोरीचे वाचन आता पुरे, वाचणाऱ्या सुनेच्या हातची भाकर करपते. मनकर्णा बापाजवळ रडली, की एवढी पेटी वाचून होईपर्यंत तरी थांबा. तेव्हा खुशालराव उपरणे झटकत माझ्या ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "वकिलीणबाई, तुमच्या बुकायत दम असंल तं लगन एक साल पुढं ढकलतो. नसंल तं वैशाखात उरकून टाकतो. दाखवा माल."

मी पहिले पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर त्यांनी हात वर केला. "वरून तं सारेच चांगला भरतात. मंधातून काढा." त्यांची कापूस पारखायची रीतच तशी. बोजा समोर आला की वरचा कापूस ते पाहतही नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालतात, मधला पुंजका ओढतात, आणि दोन अंगठ्यांत धरून त्याचा धागा ताणतात. आता तीच रीत तुझ्या पुस्तकांना. पुस्तक हातात घेत, डोळे मिटत, मध्येच बोट घालत, आणि तिथून मी वाचायचे.

तर या पारखीतून तुझ्या पुस्तकांचे जे झाले ते ऐक.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जे चित्रांचे आहे, त्याच्या मधोमध वाघ निघाला. खुशालरावांचा धाकटा, भगवंत, वाघ पाहून हरखला आणि त्याने त्याचा कान खाल्ला. (कागदाचा. पोट बिघडले नाही.) या वयाला पुस्तक चांगलेच आहे, पण कापडावर छापता आले तर पाहा. हे मी खुशालरावांना बोलून दाखवले तेव्हा ते आजचा कापसाचा भाव आठवून इतके हसले की पगडी सुटली.

सहा-सात वर्षांसाठीचे ते नीतिपाठाचे पुस्तक मात्र परत ने बाबा. मधल्या पानावर एक मुलगा खोटे बोलतो आणि विहिरीत पडून मरतो. पान उलटले तर दुसरा मुलगा आळस करतो, तोही मरतो. खुशालरावांच्या आई पार्बताबाई उंबऱ्याशी वाती वळत होत्या. त्यांनी विचारले, "पोराची माय कुठं गेली होती?" याचे उत्तर पुस्तकात नाही. खुशालरावांनी निकाल दिला, "ह्याच्यात सरकीच सरकी हाय, रुई नाई." (म्हणजे नुसते बी, कापूस नाही.) मनकर्णेचा चेहरा उतरला, एक पुस्तक तिच्या हातचे गेले होते.

आठ-नऊ वर्षांसाठी भूगोल. मधून नकाशाच निघाला. मी त्यांना अमेरिका दाखवली. खुशालराव नकाशावर वाकले. मग त्यांनी अंगठा तिच्यावर ठेवला, तर सगळा देश अंगठ्याखाली गेला. "एवढ्याशा ठिपक्यात भांडण लागलं, अन् माह्या बैलायच्या शिंगायले चांदी?" असे म्हणून त्यांनी अंगठा उचलला, खाली अमेरिका आहे ना पाहिले, आणि पुन्हा ठेवला. मी हा नकाशा शंभरदा पाहिला असेल, पण त्याच्याकडे असे कधी पाहिले नव्हते. भूगोल पास. या वयाला डोळे मिटून लावावा, शेजारी एखादा बाप बसवता आला तर उत्तम.

राहिले दहा वर्षांच्या पुढचे, रानात चुकलेल्या मुलीच्या गोष्टीचे. तिथे बोट घातले तेव्हा मुलगी झाडावर बसलेली, खाली वाघ, आणि फांदी कडकडते आहे. पान संपले तशी मी नेमाप्रमाणे पुस्तक मिटले. "मंग?" खुशालराव म्हणाले. मी म्हटले, नमुना झाला, तुमचीच रीत. ते उठले, जोडे घातले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "फांदीचं काय झालं तेवढं सांगा." फांदीचे सांगितले, तर मुलगी झाडावर चढलीच कशी ते हवे. म्हणजे पहिल्या पानापासून आले. "वरचा माल पाहत नसतो मी," असे पुटपुटत ते बसले, आणि त्या दिवशी त्यांचा कापसाचा बाजार बुडाला.

तेव्हापासून रोज दुपारी मनकर्णा वाचते आणि ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. पार्बताबाई वाती वळायच्या विसरतात. शेजारचे बैल सोडायचे राहतात. दहा वर्षांच्या मुलीचा एवढासा आवाज, आणि चाळीस-पन्नास माणसांचा श्वास त्याच्यावर चालतो. मोरोपंत, देवळात पाहिली नाही अशी शांतता मी माझ्याच ओटीवर पाहिली. मडमांनी ते पुस्तक कुलपात का ठेवले होते, ते मला आता समजले. ही वस्तू साधी नाही.

परवा गोष्ट संपली. रानात संध्याकाळ झालेली, मुलगी नदीकाठी उभी राहून हाका मारते. आणि दूरवरून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. तिचा बाप गाडी घेऊन आलेला असतो. तो तिला रागवत नाही. गाडीत गवताची गादी केलेली असते, तीवर तिला बसवतो आणि म्हणतो, घाई नाही, तुले पाह्यजे तितकं हळू जाऊ. तेवढ्यावर गोष्ट थांबते. खुशालराव डोळ्यांत धूळ गेली म्हणून उपरण्याने तोंड पुसत राहिले. (धूळ होतीच. पण माझ्याही डोळ्यांत गेली, आणि मी आत दारामागे होते.) काल बार्शीटाकळीला निरोप गेला: लग्न पुढल्या साली पाहू. पोरीची पेटी वाचून व्हायची आहे.

म्हणजे अभिप्राय असा: धाकट्यांना चित्रे, मधल्यांना भूगोल, मोठ्यांना रानातली गोष्ट, आणि नीतिपाठ कोणालाच नाही. माणिकबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. ज्येष्ठमध घे.

तुझी,
गोदाअक्का

ता. क. — तुझ्या छापखान्यातल्या बांधणाऱ्याला जरा विचार. रानातल्या गोष्टीची शेवटची पाने बांधायची राहिली आहेत. मुलगी नदीकाठी हाका मारते तिथे छापलेले संपते. पुढे नुसता पुठ्ठा. मनकर्णा तिथवर आली, तिने एकदा माझ्या दाराकडे पाहिले, पान उलटले, आणि पुठ्ठ्यावर बोट फिरवत तशीच पुढे वाचत गेली. 'तुले पाह्यजे तितकं हळू' हे मुंबईच्या लेखकाने लिहिले नसणार, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

आणखी ता. क. — खुशालरावांना अक्षर ओळखता येत नाही. पण परवा निघताना त्यांनी पुस्तक हातात घेतले, मागून अंगठा फिरवला, आणि कोणी ऐकत नाही असे पाहून मला म्हणाले, "बाई, बोज्यात दाखवल्यापरीस कमी निघते, हे उभा जलम पाह्यलं. भरल्यापरीस जास्त निघालं ते आज पयल्यांदा." आणि पुस्तक दोन्ही हातांनी मनकर्णेला परत दिले.

शेवटचे — तेव्हा मुख्य काम हे की राहिलेली पाने पाठवू नकोस. टपालात टाकली असशील तर धावत जाऊन काढून आण. पुढली पेटी मात्र लवकर येऊ दे, आणि मोठी, वर्षभर पुरेल अशी. गोष्टीचा खरा शेवट काय आहे तेवढे मला एकटीला कळव. इंग्रजीत लिही, इकडची स्वारी कोर्टात असते तेव्हा घरात ती मलाच वाचता येते. किंवा राहू दे, मलाही नको कळवूस. मला शेवट माहीत आहे.